कुलूप तपासले का, हे विचारा!

११ आणि १३ ऑगस्ट २०१८ या दोन दिवसांत पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेचे ९४ कोटींहून अधिक रुपये लुटले गेले. तिजोरी कुणी फोडली नाही. चोर संगणक यंत्रणेत शिरले आणि बनावट कार्डांनी २८ देशांतील एटीएममधून पैसे निघाले.

अशी चोरी होण्याआधी बँकेनेच तज्ज्ञाला लेखी परवानगी द्यायची, आपल्या यंत्रणेत घुसून दाखवायला सांगायचे आणि सापडलेली भोके बुजवायची, याला पेनिट्रेशन टेस्टिंग म्हणतात. कॉसमॉसनंतर रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०१८ मध्ये नागरी सहकारी बँकांना सायबर सुरक्षेचे नियम घालून दिले. पतसंस्था मात्र रिझर्व्ह बँकेच्या कक्षेतच नाहीत. केंद्राचा ठेव विमाही त्यांना नाही. जळगावच्या बीएचआर पतसंस्थेत तर संगणक फोडावाही लागला नाही, तरी हजारो ठेवीदारांचे पैसे अडकले. प्रश्न वेळीच विचारले नाहीत की असेच होते.

धुळे-जळगावातील सफाई कामगाराचा पगार, विधवा भगिनीचे अनुदान, विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती आज खात्यातच जमा होते. म्हणून सभासदांनी वार्षिक सभेत उठून विचारावे: तपासणी कधी झाली? कुणी केली? दोष दुरुस्त झाले का? सगळा अहवाल उघड केल्यास चोरांचेच फावेल, हे आम्ही जाणतो. पण तारीख आणि दुरुस्ती सांगायला संचालकांना कसली अडचण?

बाबासाहेबांनी १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला. त्यांच्या अनुयायांनी आपल्या रुपयाच्या रखवालीचा हिशेब मागितलाच पाहिजे!