वाऱ्याला दोष देण्याआधी

धायरीत वळीव कोसळला की कुठल्या ना कुठल्या गल्लीत फांदी तारेवर येते, फीडर ट्रिप होतो आणि फोन वाजू लागतात. जनमित्र येतो, फांदी ओढून काढतो, तारेला जोड मारतो, दिवे येतात. पुढच्या वर्षी त्याच दोन खांबांमधल्या गाळ्यात पुन्हा तेच. दोष वाऱ्यावर जातो. वारा काही उत्तर द्यायला येत नाही.

एखाद्या वर्षी वाऱ्याचा दोष असतोही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळात पुण्यात झाडे पडून अनेक भाग अंधारात गेले, तेव्हा कोणाचे काय चालणार होते? पण दरवर्षी एकाच गाळ्यात बिघाड होत असेल, तर तो बहुधा आपणच पेरलेला असतो.

मे महिन्यातली छाटणी पाहा. गुरुवारचा शटडाउन मिळतो, वेळ कमी असतो, कोयता पोहोचेल तिथे चालतो. गुलमोहर, पेल्टोफोरम, रेन ट्री ही झपाट्याने वाढणारी झाडे. सोसायट्यांनी सावलीसाठी कुंपणालगत लावलेली, नेमकी तारेखाली. त्यांचा शेंडा मध्येच उडवला की खुंटावर कोवळ्या धुमाऱ्यांचा झुपका फुटतो. हे धुमारे खोडाच्या बाहेरच्या थरालाच धरून असतात. ते सरळ तारेकडे वाढतात आणि पानांत पाणी साचले की बुडाशी निखळतात. शिवाय तारेकडची बाजूच तेवढी सोलली, की झाडाचा सगळा भार पलीकडे जातो. मग वरची लाइन वाचते आणि झाड समोरच्या बंगल्याच्या सर्व्हिस वायरवर आडवे होते.

छाटायची फांदी तिच्या उगमाशी, खोडाजवळच्या फुगीर कड्याला धक्का न लावता कापावी. आधी खालून खाच, मग वरून काप. नाहीतर साल खोडापर्यंत ओरबाडली जाते. यात अवघड काही नाही, फक्त वेळ लागतो. परवानगीचेही लक्षात असू द्या. २०१७ मध्ये महापालिकेत आलेल्या अकरा गावांत धायरी होती, त्यामुळे १९७५चा वृक्ष संरक्षण कायदा आणि वृक्ष प्राधिकरण इथेही आले. विद्युत कायदा २००३च्या कलम ६८ मध्ये तारेला अडथळा ठरणारे झाड हटवण्याची तरतूद आहे, पण तीही अर्ज आणि आदेशाच्या वाटेनेच. ‘लाइनला लागत होते’ एवढे कारण पुरत नाही.

‘सगळे भूमिगत करा’ ही मागणी ऐकायला बरी वाटते. रायकर मळ्याच्या किंवा बेनकर वस्तीच्या अरुंद गल्लीत मीटरभर खोल चर जेसीबीने काढायचा, तर तो जातो झाडाच्या बुंध्यालगत. झाडाला धरून ठेवणारी बहुतेक मुळे वरच्या मीटरभर मातीतच पसरलेली असतात. एका बाजूची तुटली, वरून पेव्हर ब्लॉक बसले, की झाड कधी पडणार एवढेच उरते. बुंध्याजवळ चर हातानेच खणावा, जाड मूळ लागले तर केबल पाइपातून त्याखालून न्यावी. टेंडरमध्ये याचा दर नसतो, हे आम्हालाही ठाऊक आहे. तो मागून घ्यायला हवा.

तोवर निदान गाळ्यागणिक नोंद ठेवा: तारीख, झाड, काय तुटले. दोन पावसाळ्यांत तीन-चार वाईट गाळे आपोआप वर येतील. तेवढ्याच ठिकाणी उघड्या तारा उतरवून एबी केबल ओढली तरी बराच फरक पडतो. अर्थात फांदी घासत राहिली तर तिचेही इन्सुलेशन जाते, म्हणून छाटणी सुटत नाही.

आणखी एक, खास परवानाधारक ठेकेदारांसाठी. वीज वारंवार जाते म्हणून घरोघरी छोटे जनरेटर आले आहेत आणि काही जण दोन पिनांची वायर लावून सॉकेटमधूनच घराला वीज देतात. मेन स्विच चालू राहिला तर हाच पुरवठा उलटा ट्रान्सफॉर्मरवर जाऊन ११ केव्हीच्या बाजूला चढू शकतो, आणि तिथे कोणीतरी जोड मारत असतो. न्यूट्रलसह तोडणारा चेंजओव्हर स्विच बसवायला गिऱ्हाईक तयार नसेल, तर जनरेटरची जोडणी करून देऊ नका. गिऱ्हाईक दुसऱ्याकडे गेले तरी चालेल.