मेंदूचे कोलेस्टेरॉल मेंदूतच

भिवंडी तालुक्यातले वडपे आता गोदामांच्या पट्ट्यात मोडते. मुंबई–नाशिक महामार्ग इथूनच जातो, आमण्याला संपणारा समृद्धी महामार्गही जवळच. त्यामुळे ट्रक-कंटेनरांना तोटा नाही आणि या भागातल्या दवाखान्यात चाळिशी-पन्नाशीचा चालक हा नेहमीचा रुग्ण. स्टॅटिन लिहून दिले की तो मोबाइलवरचा व्हिडिओ पुढे करतो. ‘डॉक्टर, मेंदूला कोलेस्टेरॉल लागतं म्हणतात. या गोळीने विसरायला तर नाही ना होणार?’

हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये, त्यातले अर्धे खरे आहे. मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के, पण शरीरातले जवळपास २० टक्के कोलेस्टेरॉल तिथे असते, बहुतेक मायलिनमध्ये. व्हिडिओत उरलेले अर्धे नसते. रक्तातले एलडीएल मेंदूत शिरत नाही. प्रौढ मेंदूत मुख्यतः अ‍ॅस्ट्रोसाइट कोलेस्टेरॉल बनवतात, अपोई ते चेतापेशींपर्यंत पोहोचवते आणि जास्तीचे २४-हायड्रॉक्सीकोलेस्टेरॉल होऊन बाहेर पडते. त्यामुळे रिपोर्टातला आकडा उतरला म्हणून मेंदू उपाशी राहत नाही. २०१७ च्या एबिंगहाउस चाचणीत स्टॅटिनवर इव्होलोक्युमॅब देऊन एलडीएल खूप खाली आणले, तरी स्मरणशक्तीत प्लासिबोच्या तुलनेत फरक दिसला नाही.

रक्तातले एलडीएल मेंदूला नडते ते रक्तवाहिन्यांच्या वाटेने. २०२४ च्या लॅन्सेट आयोगाने मध्यमवयातले वाढलेले एलडीएल डिमेन्शियाच्या जोखमींत धरले. आपला चालक नेमका त्याच वयाचा. मात्र ‘गोळीने डिमेन्शिया टळेल’ असे आश्वासन देऊ नये, तेवढा पुरावा हाती नाही. हृदयविकार आणि पक्षाघात टाळण्यासाठी गोळी आहे, एवढे सांगणे पुरे.

आपले नियमही त्याच्या रस्त्याला जुळायला हवेत. ‘उद्या उपाशीपोटी या’ म्हटले की तो नाशिकच्या पुढे गेलेला असतो. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाच्या २०२४ च्या मार्गदर्शनानुसार जेवलेल्या अवस्थेतली लिपिड तपासणी चालते. ट्रायग्लिसराइड फार वाढले असतील तरच उपाशीपोटी पुन्हा करावी. अ‍ॅटॉर्वास्टॅटिन, रोझुव्हास्टॅटिन रात्रीच घेतले पाहिजे असे नाही. रात्रभर गाडी हाकणाऱ्याला पहिल्या चहाबरोबरची गोळी लक्षात राहते.

आणि खरोखरच कोणी विसरभोळेपणाची तक्रार केली तर? अमेरिकेच्या एफडीएने २०१२ मध्ये स्टॅटिनच्या माहितीपत्रकात अशा क्वचित तक्रारींची नोंद घातली; त्या गंभीर नसतात आणि गोळी थांबवल्यावर जातात, असेही म्हटले. तेव्हा संशय असल्यास काही आठवडे गोळी थांबवून पाहावी, पण परत सुरू करण्याची तारीख केसपेपरवर लिहूनच. त्याआधी बी-१२, थायरॉइड, साखर आणि दारूची चौकशी व्हावी. झोप तर विचारायचीच. घोरतो का, याचे खरे उत्तर चालकापेक्षा त्याच्या क्लीनरकडून मिळते.