चिकटणारें यीस्ट आणि आपल्या कारखान्याची मळी

मळीचा मद्यार्क यीस्टच्या सूक्ष्म पेशींकडून होतो, हें साखर कारखान्याच्या सभासदांस सांगावयास नको. या पेशींच्या अंगावर हवें तें प्रथिन मांडण्याची विद्या आतां शास्त्रज्ञांस अवगत झाली आहे. तिचा संबंध आपल्या भागभांडवलाशीं येऊं शकतो, म्हणून आम्ही चार शब्द लिहितों.

यीस्टचे नरमादीसारखे दोन प्रकार असून संयोगसमयीं त्यांच्या अंगावरील प्रथिनें एकमेकांस धरतात. त्यांपैकीं एका प्रथिनास परकें प्रथिन जोडून तें पेशीबाहेर मांडण्याची रीत १९९७ सालीं अमेरिकेंत बोडर व विट्रप यांनीं प्रसिद्ध केली. जनुकांत नोंद केली कीं भिंतीवर हजारों प्रथिनें हजर! आमचें आयुष्य महसूल दप्तरांत गेलें, परंतु नोंद आणि कब्जा यांचा इतका चोख मेळ आम्हीं क्वचितच पाहिला.

आपल्या कामाचें प्रथिन मात्र निराळें, फ्लो-एक नांवाचें. तें शेजारच्या पेशीवरील मॅनोज शर्करेस धरतें. त्यास कॅल्शियम लागतें. त्याचें जनुक जोरानें चालविलें म्हणजे पेशींचे पुंजके होऊन तळाशीं बसतात, आणि यीस्ट वेगळें काढणाऱ्या फिरत्या यंत्राचा खर्च वांचण्याजोगा असतो. उसाचा रस चुन्यानें निवळतात, त्यामुळें मळींत कॅल्शियमची वाण नाहीं. परंतु पुंजके लवकर झाले तर आंतील पेशींस साखर नीट पोंचत नाहीं. साखर संपत आल्यावरच चिकटपणा यावा, अशी योजनाही प्रयोगशाळेंत साधली आहे; तिच्यावांचून हें यीस्ट घेणें आमच्या मतें व्यर्थ होय.

शिवाय प्रयोगशाळेंतील स्वच्छ शर्करा वेगळी व आपली मळी वेगळी. तींत क्षार, गाळ, रानटी यीस्ट, सारेंच असतें. उद्यां कोणी विक्रेता असें यीस्ट घेऊन आला, तर संचालकांनीं आपल्याच मळीवर एक संपूर्ण हंगाम लहान टाकींत तें चालवून पाहावें. एका टनास मद्यार्क किती, आणि कितव्या फेरीस चिकटपणा उतरतो, हे आंकडे सभेपुढें ठेवल्यावांचून खर्चास मंजुरी देऊं नये. जनुक बदललेले सूक्ष्मजीव १९८९ च्या केंद्रीय नियमांखालीं येतात. परवानगीची नक्कल सभासदांनीं स्वतः वाचावी. तळाचा गाळ कोणाच्या शेताकडे जाणार, व तो जिवंत कीं उकळून मेलेला, हेंही लेखी विचारावें. तोंडी उत्तर घेऊन घरीं परतूं नये.