स्तंभापासून तळ्यापर्यंत ७८ दिवस

डिसेंबर उजाडला की पिंपरी-चिंचवडच्या वस्त्यावस्त्यांत बैठका सुरू होतात. विहारात सतरंजी अंथरली जाते, वर्गणीचे पावतीपुस्तक निघते आणि पहिला विषय ठरलेला असतो : यंदा कोरेगावला गाड्या किती? दुसरा विषय बॅनरचा आणि तिसरा भोजनदानाचा. तास-दीड तासात बैठक आटोपते. अशा बैठकांचे इतिवृत्त लिहिण्याचे काम बरीच वर्षे आमच्याकडे आहे. परवा जुन्या वह्या चाळताना ध्यानात आले, की दरवर्षी हेच तीन विषय आहेत आणि १ जानेवारीनंतरचे पान मात्र कोरे आहे. त्या कोऱ्या पानाविषयी आज आम्हाला समाजबांधवांशी आणि भगिनींशी बोलायचे आहे.

गेल्या वर्षी अभिवादनाच्या रांगेत आमच्या पुढे एक चिमुरडी वडिलांच्या खांद्यावर बसली होती. शिलालेखावर बोट दाखवून तिने विचारले, "पप्पा, ही कुणाची नावं?" वडील म्हणाले, "आपल्या शूरवीरांची." तिने पुन्हा विचारले, "मग त्यांनी काय केलं?" वडिलांनी मागे वळून पाहिले आणि म्हणाले, "चल पुढे, गर्दी आहे." त्या बापाला आम्ही दोष देत नाही. तो चाकणला कंत्राटी कामगार. रात्रपाळी करून, घरी न जाता, लेकराला घेऊन थेट आला होता. दोष असलाच तर आम्हा कार्यकर्त्यांचा आहे. गाडी आम्ही दिली, माहिती दिली नाही.

तर काय झाले होते? ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टाँटनची तुकडी शिरूरहून पुण्याकडे निघाली. पायदळ, घोडदळ आणि दोन तोफांसह ही माणसे सुमारे ८०० होती. रात्रभर चालून १ जानेवारी १८१८ च्या सकाळी ती भीमेकाठी कोरेगावला पोहोचली. पलीकडे दुसऱ्या बाजीरावाची फौज होती. तिचा आकडा २८,००० च्या आसपास सांगतात. प्रत्यक्ष गावात लढायला उतरले ते साधारण २,०००. दिवसभर गल्लीबोळांतून लढाई झाली. नदी समोर दिसत होती, पण वाट पेशव्यांच्या सैन्याने रोखलेली. उपाशी, तहानलेली तुकडी लढत राहिली आणि रात्र पडल्यावर हल्ला थांबला तेव्हा कुठे पाण्याचा घोट मिळाला. पेशव्यांची फौज निघून गेली. १८२१ मध्ये स्तंभाची पायाभरणी झाली. त्यावर धारातीर्थी पडलेल्या ४९ जणांची नावे कोरली, त्यांतील २२ नावांच्या शेवटी 'नाक' आहे. ती महार सैनिकांची नावे. बाकीची इतर जातिधर्मांच्या सैनिकांची आहेत, हेही आपल्या मुलांना सांगितले पाहिजे. खऱ्या इतिहासाला अतिशयोक्तीची गरज नसते.

आता पुढचा भाग, जो बॅनरवर कधीच मावत नाही. ज्यांची नावे दगडावर कोरली, त्यांच्याच नातवंडांना त्याच सरकारने १८९० च्या दशकात सैन्यभरतीची दारे बंद केली. कारण काय, तर ही 'लढाऊ जात' नव्हे! पुण्याचे शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली थेट विलायतेतील भारतमंत्र्यांकडे अर्ज पाठवून भरती मागितली. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १९१७ मध्ये महार पलटण उभी केली आणि गरज सरल्यावर १९२१ मध्ये मोडून टाकली. या पार्श्वभूमीवर १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्तंभापाशी आले. नुसते पूर्वजांचे गुणगान करून ते परतले नाहीत. ज्यांच्यासाठी रक्त सांडले, त्यांनीच आपल्याला बिनलढाऊ ठरवले हा कृतघ्नपणा त्यांनी दाखवून दिला आणि बंदी उठवायला सरकारला भाग पाडा, त्यासाठी चळवळ करा, असे बजावले. पुढे १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली.

म्हणजे बाबासाहेबांनी त्या दगडाचा पुरावा म्हणून उपयोग केला. हे तुमचेच लेखी आहे, आता बाकी चुकती करा, असा तो हिशेब होता.

आणि एक तारीख पाहा. १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब कोरेगावला होते, २० मार्च १९२७ ला महाडला चवदार तळ्यावर. मध्ये फक्त ७८ दिवस. एके ठिकाणी पूर्वज दिवसभर नदीकाठी तहानेले लढले, दुसऱ्या ठिकाणी त्यांच्या वंशजांनी ओंजळभर पाणी हक्काने उचलले. एकातून दुसरे घडले असा आमचा दावा नाही. पण ज्या वर्षाची सुरुवात अभिवादनाने झाली, त्या वर्षी पाऊल तिथेच थांबले नाही, हे खरे आहे. आपल्या वहीतले कोरे पान या ७८ दिवसांचे आहे.

म्हणून आमची सूचना अशी, की प्रत्येक विहाराने, महिला मंडळाने आणि तरुण मंडळाने शौर्यदिन एका दिवसाचा न ठेवता ७८ दिवसांचा करावा.

सुरुवात ३१ डिसेंबरच्या रात्री करावी. तुकडी शिरूरहून निघाली ती वेळ आठ-साडेआठची. त्याच वेळेला सहकुटुंब विहारात जमावे. त्रिसरण-पंचशील झाल्यावर मुलांनी उभे राहून ती नावे वाचावीत, सगळी ४९. नावे एखाद्या पत्रकावरून न घेता आधी एखाद्या रविवारी जाऊन शिलालेखावरूनच वहीत उतरवून आणावीत. मुलाने स्वतःच्या हाताने लिहिलेले नाव तो जन्मभर विसरत नाही. बाहेर नववर्षाचा धिंगाणा चालू असताना आपल्या घरातला तरुण विहारात बसला, तर त्याच्या आईला काय वाटेल, हे आमच्या भगिनींना सांगायला नको.

१ जानेवारीला सर्वांनाच सुट्टी मिळत नाही. कंत्राटी कामगाराचा खाडा म्हणजे दिवसाची मजुरी गेली, कधी कामही गेले. अशा भावाला 'तू आला नाहीस' म्हणून कुणी हिणवू नये. स्तंभ वर्षभर जागेवर असतो. म्हाताऱ्या माणसांना आणि तान्ह्या बाळांच्या आयांना तर जानेवारीतला एखादा मोकळा रविवारच सोयीचा. ज्यांना त्या दिवशी जाता येणार नाही, त्यांनी पाळी सुटल्यावर पिंपरीत बाबासाहेबांच्या पुतळ्यापाशी किंवा आपल्या विहारात अभिवादन करावे. त्याचे मोल कमी नाही.

जे जातील त्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. १ जानेवारी २०१८ ला तिथे दगडफेक आणि जाळपोळ झाली, एका तरुणाचा जीव गेला. आपण संध्याकाळी गाडीत बसून घरी येतो. कोरेगाव, सणसवाडी, वढू या गावांतली आपली माणसे मात्र वर्षाचे ३६५ दिवस तिथेच राहतात. आपल्या तोंडून गेलेल्या एका वेड्यावाकड्या घोषणेची किंमत त्यांना मोजावी लागू शकते. पांढरे कपडे, हाती पुस्तक, मुखी जय भीम आणि वाटेत भेटलेल्या गावकऱ्याशी दोन चांगले शब्द एवढी शिदोरी पुरे. येताना भोजनदानाच्या पत्रावळी आणि पाण्याच्या बाटल्या गोळा करून आणाव्यात. तेही शीलच आहे.

आणि २ जानेवारीपासून खरे काम. प्रत्येक वस्तीने एकच काम निवडावे, पण २० मार्चपर्यंत ते तडीस न्यावे. आमच्या कारकुनी नजरेला पहिले दिसते ते कागदपत्रांचे. चाकण, भोसरी, तळवड्याला राबणाऱ्या आपल्या शेकडो मुलांना स्वतःच्या भविष्य निर्वाह निधीचा खाते क्रमांकही ठाऊक नसतो. पगारातून १२ टक्के कापले जातात, पण ते खात्यात जमा झाले का, हे कोण पाहतो? ठेकेदार बदलला की नवा क्रमांक पडतो. आधार कार्डावरचे नाव आणि खात्यावरचे नाव जुळले नाही की गरजेच्या वेळी पैसे अडकतात. विहारात दर रविवारी दोन तास टेबल टाकून एखाद्या शिकलेल्या मुलाने पासबुक उघडून दाखवले, तरी कितीतरी घरांचे हक्काचे पैसे सापडतील. दुसरे काम जात पडताळणीचे. बारावीचा निकाल लागल्यावर धावपळ करण्यापेक्षा आजोबांचे दाखले आताच गावाहून आणून ठेवावेत. तिसरे, विहारात अभ्यासिका नसेल तर चार खुर्च्या आणि दोन दिवे. आणि ज्या गल्लीत अजून हंडे घेऊन रांग लागते, तिथे पाण्याच्या अर्जाचा पाठपुरावा. चवदार तळ्याची आठवण याहून चांगली कोणती?

२० मार्चला पुन्हा विहारात जमावे आणि काय झाले, काय राहिले, ते वाचून दाखवावे. राहिले असेल तर 'मागील बाकी' म्हणून पुढच्या पानावर ओढावे. हिशेबात बाकी दाखवणे ही लाज नव्हे, ती लपवणे ही लाज.

मग पुढच्या वर्षी रांगेत एखादी चिमुरडी विचारील, "त्यांनी काय केलं?" तेव्हा बापाला उत्तर देता येईल. आणि तिने आणखी एक प्रश्न विचारला, "मग आपण काय केलं?", तर त्याचेही उत्तर आपल्या वहीत लिहिलेले असेल.

जय भीम!