गोव्याला येऊ का, काका?

बऱ्हाणपूरला जाण्याचा योग आला तो एका लग्नामुळे. आपल्या वास्कोहून सुटणारी गोवा एक्सप्रेस भुसावळ सोडून खांडव्याच्या वाटेला लागते, त्या टप्प्यात हे गाव आहे. नोकरीतला माझा एक जुना सहकारी मूळचा तिकडचा. पणजीत वीस वर्षं काढून, निवृत्त होऊन, घरच्या केळीच्या बागेत जाऊन रमला. त्याच्या मुलीचं लग्न. भुसावळला उतरलो, तर मला न्यायला त्याचा पुतण्या आलेला.

गाव मध्य प्रदेशात, पण घराघरात खानदेशी वळणाची मराठी आणि दाराबाहेर पडलं की हिंदी. तापीचा काठ, शाही किल्ला, यंत्रमागांची खडखड. मुमताज महल १६३१ साली इथेच वारली, हे तर येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला पहिल्या चहाबरोबर सांगतात. मला मात्र जास्त आवडला तो कुंडी भंडारा. सातपुड्याच्या पायथ्याशी झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून, एकमेकींना जोडलेल्या कुंड्यांच्या रांगेतून, नुसत्या उतारावर शहरापर्यंत आणलेलं. चारशे वर्षांपूर्वीचं काम. वरून चालताना खाली पाणी वाहतंय याचा पत्ताही लागत नाही.

असो. सांगायचंय ते त्या पुतण्याबद्दल.

पोरगा एकोणीस वर्षांचा. उंच, काटक. केळीचा घड खांद्यावर टाकून बागेतून असा पळतो की बघत राहावं. कॉलेजात कबड्डी खेळतो, धावण्यात बक्षिसं आहेत. २०२२चा विश्वचषक त्याने मोबाइलवर पाहिला, मेस्सीने कप उचललेला पाहिला आणि तेव्हापासून फुटबॉलने झपाटला. म्हणजे सोळाव्या वर्षी पहिल्यांदा बॉलला पाय लावला. संध्याकाळी मैदानावर पाच-सात जण जमतात, कधी बॉल असतो, कधी नसतो.

लग्नाच्या आदल्या रात्री तो गच्चीवर माझ्याजवळ येऊन बसला आणि मोबाइल पुढे केला. गोव्यात होणाऱ्या एका निवड चाचणीचा निरोप होता. चाचणीची फी, राहण्या-जेवणाचे पैसे वेगळे, आणि निवड झाली तर ‘प्रोफेशनल क्लबात थेट प्रवेश’. कुठला क्लब, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. वडील केळीच्या पैशांतून रक्कम द्यायला तयार होते.

“काका, तुम्ही गोव्याचे. सांगा, येऊ का?”

मी गोव्याचा म्हणजे मला फुटबॉल कळतोच, असं त्या घरात सगळ्यांनी धरून चाललेलं. खरं सांगायचं तर आम्ही अंत्रुजवाले. आमचा जीव जत्रेच्या नाटकात आणि भजनात. फुटबॉल म्हणजे सासष्टीचा, असं आमच्या लहानपणी घरात म्हणत. पण ताळगावच्या ब्रह्मानंद शंखवाळकरांनी भारताचा गोल राखला, संघाचं कप्तानपद केलं, १९९७ साली अर्जुन पुरस्कार आणि २०२२ साली पद्मश्री मिळवली. तेव्हा फुटबॉल कुणा एका तालुक्याचा नाही हे आम्हालाही पटलेलं आहे. मी स्वतः कधी धड खेळलो नाही. बघत आलोय मात्र पन्नास वर्षं.

आणि बघून जे कळलं ते त्या पोराला कसं सांगावं, हे त्या रात्री कळेना.

आपल्याकडचा एकोणीस वर्षांचा भुरगा आठवा. भात कापून झालं की शेत मोकळं. दोन बाजूंना चपला किंवा माडाच्या फांद्या रोवल्या की झाला गोल. धसकटांवरून बॉल वेडावाकडा उसळतो, आणि तो वेडावाकडा बॉल आवरता आवरता सहा वर्षांचा पोर सोळाचा होतो. मोठ्या मुलांत खेळायचं तर धक्के खायचे, नाहीतर बॉल आपल्याकडे येण्याआधीच तो कुठे टाकायचा हे ठरवून ठेवायचं. मग वाड्याचा संघ, मग गावचा, मग पंचायतीच्या नाहीतर आमदारांच्या नावाच्या स्पर्धा. एखाद्या दिवशी क्लबवाला कुणीतरी बघतो आणि उचलतो. दुसऱ्या दिवशी पेपरात येतं, ‘कसलाही अनुभव नसलेला खेड्यातला मुलगा’! त्या मुलालाही तसंच वाटत असतं. अनुभव काय म्हणून विचारलं तर म्हणेल, कसला अनुभव, गावात खेळायचो. पण त्याच्या पायांत बारा वर्षं जमा झालेली असतात. वरून चालणाऱ्याला कुंडी भंडाऱ्याचं पाणी दिसत नाही, त्यातलाच प्रकार.

दम वाढवता येतो. वेग, ताकद, उडी, सगळं दोन वर्षांत कुठल्या कुठे नेता येतं. पण बॉल पायाशी येण्याआधी मान वळवून मागे बघून घेणं, पहिल्याच स्पर्शाला तो समोरच्याच्या आवाक्याबाहेर ठेवणं, आपला उजवा माणूस आत्ता कुठे पोचला असेल हे न बघता माहीत असणं, हे कुणी कुणाला सहा महिन्यांत दिल्याचं मला तरी माहीत नाही. नाटकात नवखा नट पाठांतर चोख करतो, आवाजही असतो. पण बोलत नसताना हातांचं काय करायचं हे त्याला कळत नाही, आणि शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकालाही ते दिसतं. त्याला आपण म्हणतो, तालीम कमी पडली. गंमत बघा, कोल्हापुरात फुटबॉल संघांची नावंच पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ अशी आहेत. कुस्तीच्या तालमी, त्यांचे फुटबॉल संघ झाले. त्याच कोल्हापुरातला अनिकेत जाधव २०१७च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला. वडील रिक्षा चालवायचे, ही गोष्ट सगळ्यांनी लिहिली. ज्या शहरात पेठापेठांची फुटबॉलवरून भांडणं होतात तिथे तो वाढला, हे कमी जणांनी लिहिलं. माझ्या मते रिक्षापेक्षा ते महत्त्वाचं.

पोरगा काही कच्चा नव्हता. म्हणाला, “आणि वार्डी?” इंग्लंडच्या जेमी वार्डीचा व्हिडिओ त्याने पाहिला होता. कारखान्यात काम करायचा, पंचविसाव्या वर्षी लेस्टरने घेतला, २०१६ साली लीग जिंकला. खरं आहे. पण तो सोळा वर्षांचा असताना शेफील्ड वेन्सडेच्या अकादमीने त्याला काढलं होतं, म्हणजे तोवर तो अकादमीत होता! नंतरही खालच्या लीगमध्ये खेळतच होता. व्हिडिओत कारखाना असतो. ती वर्षं नसतात.

मी त्याला उसेन बोल्टची गोष्ट सांगितली. जगातला सर्वांत वेगवान माणूस. २०१८ साली ऑस्ट्रेलियातल्या सेंट्रल कोस्ट मरिनर्स या क्लबाबरोबर सराव करायला गेला. ऑक्टोबरात एका सराव सामन्यात दोन गोलही मारले. पण नोव्हेंबरात, पैशांच्या अटींवर एकमत झालं नाही म्हणून, गाशा गुंडाळून निघाला. पैशांची भाषा बाजूला ठेवली तरी मोठ्या लीगचा एकही सामना तो खेळला नाही, हे उरतंच. पाय त्याच्याइतके वेगवान कुणाचे असणार? बॉल त्या पायांना ओळखत नव्हता.

परत आल्यावर हे सगळं अमेरिकेतल्या भाच्याला फोनवर सांगितलं, तर तो म्हणाला, “मामा, आमच्याकडे उलटं आहे.” जॉर्डन मैलाटा नावाचा ऑस्ट्रेलियन धिप्पाड गडी, रग्बी लीग खेळणारा. अमेरिकन फुटबॉलचा एकही सामना न खेळता फिलाडेल्फिया ईगल्सने २०१८ साली त्याला २३३व्या क्रमांकावर निवडलं. पहिली दोन वर्षं मोसमाच्या सामन्यात उतरलाच नाही, नुसता शिकत होता. २०२०पासून खेळायला लागला आणि फेब्रुवारी २०२५मध्ये सुपर बोल जिंकणाऱ्या संघात होता. म्हणजे कोरा माणूस व्यावसायिक संघात जागा मिळवू शकतो, याचा हा धडधडीत पुरावा. पण नीट बघा. त्या खेळात त्याचं काम एकच, समोरच्याला अडवायचं. बॉलला हात लावायची वेळ जवळजवळ येतच नाही. पावणेसात फुटी देह आधीच तयार होता, त्याला एक काम शिकवलं, आणि शिकवायला दोन वर्षं पगार देणारा क्लब पाठीशी होता. आपल्या फुटबॉलमध्ये अकराच्या अकरा जणांना बॉल हवा, आणि पगार देऊन दोन वर्षं शिकवणारा क्लब आपल्याकडे कुणी दाखवावा.

उलट शिकायला पोरांनाच घर सोडावं लागतं. आपला महेश गवळी गोव्यातला, पण घडला जमशेदपूरच्या टाटा अकादमीत. गोव्यातल्या शेतांवर वाढलेल्या मुलालाही शिकायला झारखंड गाठावं लागलं, आणि इकडे बऱ्हाणपूरचा मुलगा समजतो की गोव्याच्या स्टेशनवर उतरलं की झालं.

आता त्याच्याच राज्याच्या दुसऱ्या टोकाला, शहडोल जिल्ह्यात विचारपूर नावाचं आदिवासी गाव आहे. दारूपायी बदनाम झालेलं. तिथे रईस अहमद नावाच्या माजी खेळाडूने मुलांना शिकवायला घेतलं आणि त्या एका गावातून राष्ट्रीय आणि राज्य पातळीवरचे चाळीसेक खेळाडू निघाले. २०२३ साली पंतप्रधानांनी आपल्या रेडिओवरच्या भाषणात सांगितलं तेव्हा देशाला कळलं. नागपूरच्या विजय बारसे सरांचंही तसंच. २००१ साली पावसात फुटकी बादली लाथाडणारी पोरं पाहिली आणि झोपडपट्टी फुटबॉल सुरू केला. २०२२मध्ये त्यावर नागराज मंजुळेंचा ‘झुंड’ आला. चित्रपट पाहून पुष्कळांना वाटलं, हा क्लबात शिरायचा रस्ता आहे. ती पोरं गेली ती बेघरांच्या विश्वचषकात, जिथे एका खेळाडूला आयुष्यात एकदाच खेळता येतं. मुलाला व्यसनातून, मारामारीतून बाहेर काढणं हे बारसे सरांचं काम, आणि ते त्यांनी केलं. करार मिळवून देण्याची भाषा वेगळ्या लोकांची असते. त्यांना ना मैदान लागतं ना बॉल, एक मोबाइल नंबर पुरतो.

माझा खरा राग आहे तो यांच्यावर. ज्या गावात प्रशिक्षक नाही, लीग नाही, तिथल्या पोराला ‘थेट प्रवेश’ विकतात. इथल्या पोराला असला निरोप पाठवून बघा म्हणावं, तो हसेल. त्याला माहीत आहे, क्लबाला खेळाडू हवा असला तर क्लब पैसे देतो, मागत नाही. आणि ‘थेट प्रवेश’ तरी कशात? २०१६ साली आपल्या धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग या तिन्ही क्लबांनी आय-लीगमधून अंग काढलं, तेव्हा किती मुरलेले खेळाडू रस्त्यावर आले ते आपण पाहिलं. २०२५ साली आयएसएलचं घोडं करारात अडलं, मोसम लांबला, काही क्लबांनी पगार थांबवले. भारताकडून खेळलेली माणसं घरी बसली होती. त्या रांगेत हा केळीच्या बागेतला मुलगा फी भरून उभा राहणार!

म्हणून गच्चीवर त्याला सरळ सांगितलं. मोठ्या क्लबात, मैदानी खेळाडू म्हणून, एकोणिसाव्या वर्षी, नाही. एकच फट दिसते, गोलरक्षकाची. तो उशिरा पिकतो, उशिरापर्यंत टिकतो, आणि कबड्डीवाल्याची झेप आणि पकड तिथे वाया जात नाही. तीसुद्धा फटच, दरवाजा नव्हे. रोज शंभर बॉल अंगावर मारणारा कुणीतरी लागेल. आणि ती फी भरायची नाही, वडिलांना मी सांगतो.

“काका, तुम्ही कधी खेळलात?” त्याने विचारलं.

“नाही.”

“मग बरंय,” म्हणाला आणि उठून गेला. सकाळी वरातीत माझ्याकडे बघतही नव्हता. आदल्या रात्री जरा जास्तच तोडून बोललो का, हे प्रवासभर डोक्यात होतं. अजूनही अधूनमधून येतं. एकोणिसाव्या वर्षी मला कुणी ‘नाही’ म्हटलं असतं तर मीही उठून गेलो असतो.

परवा त्याचा फोन आला. फी भरली नाही म्हणाला. पण केळीचा हंगाम आटोपला की येणार आहे. आमच्या फोंड्याकडे ओळखीचा एक जण खालच्या विभागातल्या संघाला सराव देतो, त्याच्याशी मी बोललो होतो. महिनाभर येऊ दे म्हणाला, पगार नाही, काही नाही, संध्याकाळी पोरं बॉल मारतील, हा गोलात उभा राहू दे. पोराला ते कळवलं, तर त्याने विचारलं, “बघायला कुणी मोठ्या क्लबचे येतात का तिथे?”

नाही येत, म्हटलं.

“चालेल. येतो.”

आमची मागची खोली रिकामीच असते. पावसात यायचं तर बूट जुनेच आण, आमच्याकडे मैदानात चिखल फार, एवढं सांगून फोन ठेवला.