कोडने सिलिंडर सांगितला, कारण आपणच शोधायचे

पावसाळा तोंडावर आला की गॅरेजमध्ये एक तक्रार हमखास वाढते: गाडी मिसिंग करतेय आणि चेक इंजिनचा दिवा लागलाय. कॉइलच्या रबरी बूटला गेलेली बारीक चीर उन्हाळाभर कुणाच्या लक्षात येत नाही. हवेत ओल आली की तिथून स्पार्क बाहेर उडी मारतो. अलीकडे या तक्रारी घेऊन येणाऱ्यांत जुन्या टर्बो पेट्रोल गाड्याही दिसू लागल्या आहेत. शेंद्र्याच्या कारखान्यातून आलेल्या लॉरा आणि सुपर्ब १.८ टीएसआय, २०१३ मध्ये चाकणहून बाजारात आलेली पोलो जीटी टीएसआय, त्याच वर्षीची एक लिटर इकोबूस्ट इंजिनाची इकोस्पोर्ट. यांची वॉरंटी केव्हाच संपली, मालक दुसरा किंवा तिसरा आहे आणि कंपनीच्या वर्कशॉपचे बिल परवडत नाही म्हणून गाडी आपल्या दारात आली आहे.

पुढे अनेक ठिकाणी जे घडते ते सगळ्यांना माहीत आहे. स्कॅनर लावला, पी०३०३ आला, तिसऱ्या सिलिंडरची कॉइल मागवली, बसवली, कोड पुसला, गाडी दिली. आठवड्याने गाडी परत. मग प्लग, मग इंजेक्टर, मग ऑक्सिजन सेन्सर. बिल वाढत जाते, दोष मात्र जागच्या जागी. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

दोष स्कॅनरचा नाही, आपण त्याच्याकडून नको ती अपेक्षा करतो. ईसीयूला स्पार्क पडला की नाही हे दिसत नाही. त्याला दिसते ते क्रँकचे फिरणे. प्रत्येक सिलिंडर पेटला की क्रँकला धक्का मिळतो. ज्या पाळीला तो धक्का कमी पडला, त्या सिलिंडरच्या नावावर मिसफायर नोंदला जातो. धक्का का कमी पडला, हे त्या नोंदीत नसते. कॉइल, प्लग, इंजेक्टर, व्हॉल्व्ह, रिंग, गास्केट, यांतले काहीही असू शकते. म्हणून पी०३०३ म्हणजे ‘तिसरी कॉइल गेली’ असे वाचणे हे निदान नव्हे, तो निव्वळ अंदाजपंचे कारभार आहे.

कोड पुसण्याआधी फ्रीज फ्रेम वाचा. दोष नोंदला तेव्हा आरपीएम किती होते, लोड किती होता, इंजिन थंड होते की गरम, हे तिथे लिहिलेले असते. थंड इंजिनावर मिसिंग होऊन दोन-चार मिनिटांत थांबत असेल, तर इनटेक व्हॉल्व्हवरच्या कार्बनचा संशय आधी घ्या. वर नाव घेतलेल्या चारही गाड्यांची इंजिने डायरेक्ट इंजेक्शनची आहेत. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये पडते, व्हॉल्व्हच्या पाठीवरून वाहत नाही, त्यामुळे तिथे तेलाचा काळा थर साचत जातो आणि टाकीत ओतलेले क्लीनर तिथपर्यंत पोहोचतच नाही. मॅनिफोल्ड उतरवून अक्रोडाच्या टरफलाच्या भुग्याने ब्लास्टिंग करणे हाच खात्रीचा इलाज.

मिसिंग फक्त चढावर, टर्बोने बूस्ट धरल्यावर होत असेल, तर आधी स्पार्क आणि पेट्रोलचे प्रेशर बघा. सिलिंडरमध्ये हवा जितकी दाटून भरलेली, तितका स्पार्क पडायला जास्त व्होल्टेज लागतो. थकलेली कॉइल किंवा गॅप वाढलेला प्लग आयडलिंगला बिनबोभाट चालतो आणि बूस्टवर हात टेकतो. इथे अदलाबदलीची चाचणी फुकट आहे: तिसऱ्याची कॉइल दुसऱ्यावर लावा, प्लग जागेवरच ठेवा. मिसफायर दुसऱ्यावर गेला तर कॉइल दोषी. तिसऱ्यावरच राहिला तर प्लगची अदलाबदल करा. दोन्ही एकदम हलवले तर काहीच कळत नाही. दोन्हींनंतरही मिसफायर तिसऱ्यावरच असेल, तर कंप्रेशन आणि लीक-डाउन केल्याशिवाय पुढे जाऊ नका.

जुन्या टर्बो गाडीत खरी फसगत होते ती हवेच्या गळतीने. साध्या इंजिनात गळती हवा आत ओढते, एवढेच लक्षात ठेवले की भागते. टर्बोत मॅनिफोल्डला गेलेली तीच चीर आयडलिंगला हवा आत ओढते आणि बूस्टवर बाहेर फेकते. एअर फिल्टरनंतर एमएएफ सेन्सर असलेल्या गाडीत याचा ठसा फ्युएल ट्रिमवर स्पष्ट उमटतो. आयडलिंगला न मोजलेली हवा आत आली, मिश्रण लीन झाले, ट्रिम अधिककडे गेला. बूस्टवर मोजून घेतलेली हवाच बाहेर गेली, मिश्रण रिच झाले, ट्रिम उणेकडे गेला. टर्बो ते थ्रॉटल या पट्ट्यातला होज फाटला असेल, तर तिथे आयडलिंगला व्हॅक्यूम जवळजवळ नसतोच. ट्रिम ठीक दिसतो आणि बूस्टवर काळा धूर येतो. म्हणून ट्रिम उभ्या गाडीत एकदा आणि चढावर एकदा, असा दोन्हीकडे वाचा. पुण्याच्या मंडळींना कात्रजचा चढ आहेच. वाचणारा मात्र शेजारच्या सीटवर हवा, चालवणारा नको. ज्या गाडीत एमएएफ नसून फक्त मॅप सेन्सर आहे, तिथे हा नियम तसाच लावू नका. मॅनिफोल्डमधले प्रेशर मोजूनच पेट्रोल ठरत असल्याने गळतीची हवा हिशेबात धरली जाते आणि तक्रार बऱ्याचदा चढलेल्या आयडलिंगची असते.

गळती शोधायला गरम टर्बोजवळ कार्ब क्लीनरचे फवारे मारू नका. आग लागायला तेवढे पुरते. स्मोक मशीन उत्तम. ते नसेल तर कमी दाबाची हवा भरा आणि जोडांवर साबणाचे पाणी लावा.

१.८ टीएसआयमध्ये एक जागा विसरू नये, ती म्हणजे पीसीव्हीचा डायफ्राम. इंजिन आयडलिंगला असताना तेलाचे झाकण उचलून बघा. हलकी ओढ असणे ठीक. झाकण घट्ट चिकटून बसत असेल, शिट्टीसारखा आवाज येत असेल आणि झाकण उघडताच इंजिनाचा सूर बदलत असेल, तर डायफ्राम फाटला आहे. या एका भागापायी चारही कॉइल बदलल्या जाऊ शकतात.

ट्रिम वाचताना पंपावरचे पेट्रोलही लक्षात घ्यावे लागते. शुद्ध पेट्रोलला वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते, ई२० ला सुमारे १३.५ पट. शुद्ध पेट्रोल धरून जुळवलेल्या जुन्या गाडीत ई२० वर लाँग टर्म ट्रिम सात-आठ टक्के अधिककडे दिसणे साहजिक आहे. तेवढ्यावरून ‘हवा ओढतेय’ असा निकाल देऊ नका. ट्रिम आरपीएमप्रमाणे बदलतो की सगळीकडे सारखाच वाढलेला आहे, ते बघा. गळती आयडलिंगला जास्त आणि रेस दिल्यावर कमी दिसते. इथेनॉलची वाढ सगळीकडे जवळपास सारखी असते.

मिसफायरचा सर्वात महागडा बळी कॅट कन्व्हर्टर. न जळलेले पेट्रोल कॅटमध्ये जाऊन पेटते, आतली सिरॅमिक जाळी वितळते, एक्झॉस्ट तुंबतो आणि त्या तुंबाऱ्याने पुन्हा पिकअप जातो. चेक इंजिनचा दिवा लुकलुकतो तेव्हा ईसीयू हाच इशारा देत असतो. गिऱ्हाइकाला फोनवरच सांगा, गाडी चालवत आणू नका. पी०४२० आला तरी लगेच कॅट मागवू नका. आधी मिसफायर आणि ट्रिम दुरुस्त करा, एक्झॉस्टची गळती बघा, मग मागच्या सेन्सरचा व्होल्टेज बघा. तो स्थिर असेल तर कॅट जिवंत आहे. पुढच्या सेन्सरबरोबर वरखाली नाचत असेल तर गेला. मिसफायर तसाच ठेवून बसवलेला नवा कॅट त्याच वाटेने जातो.

काही ठिकाणी यावर कॅट फोडून रिकामा करून देण्याचा ‘उपाय’ चालतो. या मासिकाची भूमिका स्वच्छ आहे: हे काम करू नये. बीएस-४ पेट्रोल गाडीला पीयूसीत आयडलिंगला सीओ ०.३ टक्के आणि एचसी २०० पीपीएम ही मर्यादा आहे. सुमारे २,५०० आरपीएमला सीओ ०.२ टक्के आणि लॅम्डा ०.९७ ते १.०३ च्या आत हवा. रिकाम्या कॅटवर हे आकडे प्रामाणिकपणे बसणे कठीण, आणि न बसवता मिळवलेले प्रमाणपत्र म्हणजे फसवणूक.

खरे तर पीयूसीचे मशीन आपल्या उपयोगाचे आहे. एचसी वाढलेला आणि सीओ कमी, तर पेट्रोल न जळता बाहेर पडतेय: स्पार्क, कंप्रेशन किंवा लीन मिश्रण. सीओ वाढलेला, तर मिश्रण रिच आहे. धडधाकट कॅट हे आकडे झाकतो, एवढे ध्यानात ठेवून पावती वाचा.

या सगळ्याला तास-दीड तास लागतो, आणि तो तास फुकट देण्याची सवयच आपल्याला पार्ट बदलायला लावते. पार्टवर कमाई आणि तपासणी मोफत, असा व्यवहार असेल तर मिस्त्री पार्टच बदलणार. निदानाची मजुरी वेगळी लावा, गाडी घेतानाच गिऱ्हाइकाला सांगा आणि बिलावर लिहा. जॉब कार्डवर प्रत्येक नव्या पार्टपुढे जुना बाद ठरवणाऱ्या चाचणीचे नाव आणि आलेला आकडा नोंदवा. ज्या पार्टपुढे असे काही लिहिता येत नाही, तो पार्ट मागवू नका.