मुखवटे व्हेनिसमध्ये, माणसं तुरुंगात



परदेशातल्या एखाद्या मोठ्या प्रदर्शनात आपल्या समाजातल्या चित्रकाराचं काम लागलं की ग्रुपवर अभिनंदनाचा पाऊस पडतो. आम्हीही त्यात असतो. पण भिंतीवर जागा मिळाली म्हणजे प्रतिनिधित्व मिळालं का? या प्रश्नावर चिलीचा अनुभव बोलका आहे.

११ सप्टेंबर १९७३ रोजी जनरल पिनोशेने आयेंदे यांचं निवडून आलेलं सरकार लष्करी बंडाने उलथवलं. त्याच्या राजवटीत तीन हजारांहून अधिक माणसं मारली गेली किंवा बेपत्ता केली गेली. तेव्हा सांतियागोच्या गरीब वस्त्यांतल्या बायका चर्चच्या आश्रयाने एकत्र बसल्या आणि गोणपाटावर जुन्या कपड्यांचे तुकडे शिवून चित्रं करू लागल्या. त्यांत वस्तीचं सामुदायिक स्वयंपाकघर होतं, पोलिसांची धाड होती, 'आमची माणसं कुठे आहेत?' हा सवाल होता. या कामाला 'आर्पियेरा' म्हणतात. मायदेशी ते उघडपणे मांडणं धोक्याचं होतं. म्हणून ते लपतछपत बाहेर गेलं, परदेशांत सामूहिक प्रदर्शनांतून लोकांसमोर आलं, विकलं गेलं आणि पैसा त्या बायकांच्या चुलीपर्यंत पोहोचला. बहुतेक कामांवर सही नव्हती. पण जिचं दुःख, तिचीच सुई होती.

आता दुसरं चित्र बघा. २०१७ च्या व्हेनिस बिएनालेत चिलीच्या दालनात बेर्नार्दो ओयार्सुन यांचं 'वेर्केन' हे काम होतं. ओयार्सुन स्वतः मापुचे वंशाचे. मापुचे म्हणजे चिलीतला सर्वांत मोठा आदिवासी समाज. दालनाच्या मधोमध मापुचे कारागिरांनी घडवलेले हजाराच्या आसपास लाकडी मुखवटे आणि भिंतींवर सरकणारी हजारो मापुचे आडनावं. आडनाव ऐकताच समोरच्याचा चेहरा कसा बदलतो, हे भाड्याने खोली शोधणाऱ्या आपल्या पोरांना वेगळं सांगायला नको. काम ताकदीचंच होतं.

पण ते पाठवलं कोणी? चिलीच्या सरकारने. पिनोशेच्या काळातला, १९८४ चा दहशतवादविरोधी कायदा हेच सरकार मापुचे कार्यकर्त्यांवर लावत होतं. मापुचे नेत्यांना या कायद्याखाली शिक्षा देऊन चिलीने त्यांच्या हक्कांचं उल्लंघन केलं, असा निकाल इंटर-अमेरिकन मानवाधिकार न्यायालयाने २०१४ मध्येच दिला होता. तरीही व्हेनिसमध्ये आडनावं झळकत होती त्याच महिन्यांत या कायद्याखाली कोठडीत असलेले मापुचे कैदी उपोषणाला बसले होते.

कोणी म्हणेल, निदान नाव तरी जगापर्यंत गेलं. मान्य. मिळालेली भिंत सोडा, असं आम्ही म्हणत नाही. आमचा दोष कलाकाराला नाही, हक्क नाकारून फक्त नाव मिरवणाऱ्या व्यवस्थेला आहे. १९३१ च्या गोलमेज परिषदेत बाबासाहेबांनी परदेशी व्यासपीठ नाकारलं नाही. पण अस्पृश्यांच्या वतीने कोण बोलणार, हे दुसऱ्या कोणाला ठरवूही दिलं नाही.

म्हणून मित्रांनो, पुढच्या अभिनंदनाच्या पोस्टखाली तीन प्रश्नही लिहा: कामाची निवड कोणी केली? पैसा आणि श्रेय कोणाकडे गेलं? आणि प्रदर्शन चालू असताना आपल्या वस्तीत काय चालू आहे?

जय भीम! जय संविधान!